मुलांच्या हाती इंग्रजी गोष्ट

पुस्तकांच्या दुकानात किंवा शाळेतील ग्रंथप्रदर्शनात मुलाला घेऊन आलेल्या पालकाचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : "या पुस्तकाने याचे इंग्रजी सुधारेल ना?" विक्रेता अनुभवी असतो. तो तत्परतेने होकार देतो, एक जाडजूड आणि देखणे पुस्तक पुढे करतो, आणि ते पुस्तक घरी येते. महिन्याभराने पाहावे, तर पहिली सात-आठ पाने हाताळलेली आणि पुढची सगळी कोरी करकरीत. मग मुलाला वाचनाची आवड नाही, असा निर्वाळा दिला जातो. आणि हळूहळू मुलालाही तो खरा वाटू लागतो. वस्तुतः पुष्कळदा उणीव मुलाच्या आवडीत नसून पुस्तकाच्या निवडीत असते. परभाषेतील गोष्टीचे पुस्तक निवडताना कोणता विचार करावा, हे पालकांना फारसे कोणी सांगत नाही.

हा प्रश्न तसा जुना आहे. १८२८ साली सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी 'बाळमित्र' हे पुस्तक मराठीत आणले. बेर्केन नावाच्या फ्रेंच लेखकाने मुलांसाठी लिहिलेल्या कथा इंग्रजीत गेल्या होत्या. इंग्रजीतून त्या छत्र्यांच्या हाती आल्या आणि त्यांनी त्या मराठी मुलांच्या हाती दिल्या. 'इसापनीतिकथा' हे त्यांचे पुस्तकही त्याच सुमाराचे. म्हणजे इंग्रजीतील कोणती गोष्ट मराठी मुलाला रुचेल, याचा विचार येथे जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी सुरू झाला. त्या काळी ही निवड एक विद्वान अनुवादक साऱ्या समाजासाठी करीत असे. आता ती प्रत्येक घराला आपापल्यापुरती करावी लागते. इंदूर, बडोदे, हैदराबाद, दिल्ली किंवा बंगळूर येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबाला तर ती अधिकच निकराने करावी लागते. तेथे घरात मराठी, रस्त्यावर हिंदी, गुजराती किंवा कन्नड, आणि शाळेत इंग्रजी, अशा तीन भाषांच्या संगमावर मूल वाढत असते. मराठी पुस्तकांचे दुकान दूर असते, इंग्रजी पुस्तके मात्र हाताशी असतात. त्यामुळे त्या मुलाच्या वाट्याला येणारी पहिली गोष्ट पुष्कळदा इंग्रजीतलीच असते.

गोष्टीच्या वाचनाने भाषा सुधारते काय, या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे, आणि त्याला पुरावाही आहे. फिजी बेटांतील खेड्यापाड्यांच्या शाळांत वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई या दोघा अभ्यासकांनी केलेला एक प्रयोग १९८३ साली प्रसिद्ध झाला. तेथील मुलांच्या घरी इंग्रजी नव्हती आणि शाळांत पुस्तकेही जवळजवळ नव्हती. चौथी-पाचवीच्या काही वर्गांना इंग्रजी गोष्टींची अडीचशे सचित्र पुस्तके देण्यात आली. काही वर्गांत शिक्षक ती मुलांना वाचून दाखवीत व त्यांवर बोलत. काहींत मुले आपली आपण मुकाट्याने वाचीत. इतर वर्गांत नेहमीप्रमाणे वाक्यांचे साचे घोटून घेण्याचा क्रम चालू राहिला. आठ महिन्यांनी चाचणी घेतली, तेव्हा गोष्टी वाचणाऱ्या मुलांची वाचलेले आणि ऐकलेले समजण्यातील प्रगती सर्वसाधारण वेगाच्या दुप्पट दिसून आली. पुढच्या वर्षी हा लाभ भाषेच्या इतर अंगांतही उतरला. या प्रयोगात ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी, की ही पुस्तके मुलांना आवडतील अशी होती. पुढे काय झाले हे कळावे म्हणून मुले पान उलटीत होती, आणि भाषा त्या ओढीने मागोमाग येत होती. इंग्रजी सुधारावी हाच हेतू धरून निवडलेले, पण मुलाला न रुचणारे पुस्तक मिटूनच राहते. आणि मिटलेल्या पुस्तकाने भाषा सुधारत नाही.

खरी अडचण आहे ती दोन वयांची. मराठी घरातील अकरा वर्षांच्या मुलीचे मन अकरा वर्षांचे असते. तिला मैत्री, रुसवा, अन्याय, भीती, घरातील ताणतणाव हे सर्व कळत असते. तिची इंग्रजी मात्र कदाचित सात वर्षांच्या इंग्रज मुलाइतकीच असते. विलायती पुस्तकांच्या वेष्टनावर छापलेले वय हे इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे अशा मुलांसाठी असते. ते पाहून अकरा वर्षांचे म्हणून लिहिलेले पुस्तक आणले, तर ते भाषेने जड पडते. सात वर्षांचे म्हणून लिहिलेले आणले, तर भाषा झेपते, पण गोष्ट बाळबोध वाटून मुलीला अपमान झाल्यासारखे वाटते. पहिल्या पुस्तकाने मूल थकते आणि दुसऱ्याने कंटाळते. म्हणून निवड करणाऱ्याने दोन वेगळे प्रश्न विचारले पाहिजेत : भाषा किती सोपी आहे, आणि आशय किती वाढत्या वयाचा आहे? भाषा एक पायरी खाली आणि आशय मुलाच्या वयाला साजेसा, अशी पुस्तके थोडी असतात. परंतु ती असतात, आणि शोधावी लागतात ती तीच.

भाषेचे माप घेण्याची एक साधी रीत ग्रंथपाल आणि शिक्षक वापरतात. पुस्तकाच्या मध्यावरचे एखादे पान उघडावे आणि मुलाला मनातल्या मनात वाचू द्यावे. अडलेल्या प्रत्येक शब्दाला त्याने एक बोट मिटावे. पान संपण्यापूर्वीच मूठ वळली, तर ते पुस्तक तूर्त वाचून दाखवण्याचे, त्याने एकट्याने वाचण्याचे नव्हे. एकही बोट मिटले नाही, तर पुस्तक निव्वळ मौजेसाठी उत्तम. दोन-तीन मिटली, तर ते त्याला थोडे पुढे नेणारे. परभाषेतील वाचनाचा अभ्यास करणारे तज्ज्ञ तर याहून कडक माप सांगतात. कोणाच्या मदतीवाचून निर्वेध वाचता यावे यासाठी शंभरांतील अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे असावे लागतात. म्हणजे पन्नास शब्दांमागे एकच अनोळखी. या मापाला अपवाद एकच, तो उत्कट इच्छेचा. 'हॅरी पॉटर'चा पहिला भाग १९९७ साली निघाल्यापासून ज्यांना ते पुस्तक भाषेने खचित जड होते अशी असंख्य मुले ते नेटाने वाचत आली आहेत. मूल स्वतः हट्ट धरून एखादे पुस्तक मागत असेल, तर मिटलेली बोटे मोजीत बसू नये.

सोपी भाषा म्हणजे दरिद्री भाषा, असा समज मात्र काढून टाकला पाहिजे. १९५४ साली अमेरिकेत जॉन हर्सी या लेखकाने 'लाइफ' नियतकालिकात तक्रार केली, की मुलांना वाचावयास शिकवणारी क्रमिक पुस्तके विलक्षण नीरस आहेत. त्यातून एका प्रकाशकाने डॉ. स्यूस या चित्रकार-लेखकास नवशिक्या मुलांच्या शब्दांची यादी दिली आणि तेवढ्यात एखादी खिळवून ठेवणारी गोष्ट रचण्याची गळ घातली. १९५७ साली निघालेल्या 'द कॅट इन द हॅट' या पुस्तकात अवघे २३६ वेगवेगळे शब्द आहेत. पुढे केवळ ५० शब्दांत पुस्तक लिहून दाखवावे अशी पैज लागली आणि १९६० साली 'ग्रीन एग्ज अँड हॅम' जन्मास आले. ही बंधने वाचणाऱ्या मुलाला कळतही नाहीत. त्याला दिसतो तो खट्याळपणा आणि ऐकू येतो तो ताल. आर्नल्ड लोबेल यांच्या 'फ्रॉग अँड टोड आर फ्रेंड्स' (१९७०) या पुस्तकातही असेच. त्यातील एका कथेत आपल्याला कधी कोणाचे पत्र येत नाही म्हणून एक मित्र खिन्न होतो. दुसरा गुपचूप त्याला पत्र लिहितो आणि ते पोचवायला गोगलगाईजवळ देतो. पत्र पोचायला चार दिवस लागतात. भाषा पहिलीतल्या मुलाची. पण वाट पाहण्यातले सुख आठ वर्षांच्या मुलालाही कळते आणि वाचून दाखवणाऱ्या आजोबांनाही.

उलट, एखादा कठीण शब्द आला म्हणून पुस्तक बाजूला सारणेही चूक होय. बिअट्रिक्स पॉटर यांनी 'पीटर रॅबिट'ची गोष्ट १९०१ साली स्वखर्चाने छापली आणि १९०२ साली ती प्रकाशकाकडून निघाली. पुस्तके लहानग्या हातात मावतील एवढीच असावीत, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या १९०९ च्या एका ससेकथेत 'सोपोरिफिक', म्हणजे झोप आणणारे, असा भारदस्त शब्द येतो. परंतु कोवळा पाला भरपेट खाऊन सशाची पिल्ले गाढ झोपी गेल्याचे शेजारच्या चित्रात दिसत असते, त्यामुळे कोश उघडावा लागत नाही. प्रसंग आणि चित्र शब्दाला हात देत असतील, तर अवघड शब्दही मूल खेळण्यासारखा उचलते.

भाषा सोपी आणि आशय भारी, याचा उत्तम नमुना पाहावयाचा असेल, तर ई. बी. व्हाइट यांचे 'शार्लट्स वेब' (१९५२) पाहावे. विल्बर नावाचे डुकराचे पिल्लू, त्याच्यावर टांगलेली कत्तलीची तलवार, आणि आपल्या जाळ्यात शब्द विणून त्याचा जीव वाचवणारी शार्लट नावाची कोळीण, एवढीच ही कथा. वाक्ये छोटी आणि स्वच्छ आहेत. शेवटी कोळीण मरते, लेखक ते लपवीत नाही. आणि वसंतात तिची पिल्ले बाहेर येतात. मृत्यू म्हणजे काय, हा प्रश्न दहा वर्षांच्या मुलाच्या मनात आलेला असतो, पण तो विचारण्याची वाट त्याला सापडत नाही. अशी वाट सोप्या भाषेत दाखवणारे पुस्तक हे त्याच्या मनाचा आणि भाषेचा एकाच वेळी मान राखते.

दोन वयांची ही अडचण सोडवण्याचा एक पद्धतशीर यत्न आपल्याच उपखंडात झाला. १९२० नंतरच्या दशकात मायकेल वेस्ट हे शिक्षणाधिकारी ढाक्क्यास होते. बंगाली मुले वर्षानुवर्षे इंग्रजी शिकतात, पण त्यांना एखादे पुस्तक सुखाने वाचता येत नाही, हे त्यांनी पाहिले. नवे शब्द थोडे थोडे द्यावेत, दिलेला शब्द पुनःपुन्हा यावा, आणि मुलाने गोष्ट वाचल्याचे समाधान पहिल्यापासून मिळवावे, अशा धोरणाने त्यांनी वाचनमाला तयार केल्या. १९५३ साली त्यांनी सर्वाधिक उपयोगाच्या सुमारे दोन हजार इंग्रजी शब्दांची यादीही प्रसिद्ध केली. शब्दसंख्या ठरवून पायरीपायरीने लिहिलेली जी सुबोध कथापुस्तके आज जगभर मिळतात, त्यांच्या परंपरेतील एक मुख्य मूळ असे ढाक्क्याच्या शाळांत आहे. बारा-तेरा वर्षांच्या, पण इंग्रजीत मागे राहिलेल्या मुलाला ही पुस्तके फार उपयोगी पडतात.

मात्र सुबोध केलेली पुस्तके आणि केवळ कापून काढलेली पुस्तके यांत भेद करावा लागतो. मोठ्या ग्रंथांचे संक्षेप फार पूर्वीपासून होत आले आहेत. शेक्सपियरची वीस नाटके चार्ल्स आणि मेरी लँब या भावंडांनी १८०७ साली गोष्टींच्या रूपात सांगितली. त्यांपैकी चौदा बहिणीने लिहिलेल्या होत्या, जरी पहिल्या आवृत्तीवर नाव एकट्या भावाचे छापले गेले. तो संक्षेप स्वतःच एक साहित्यकृती ठरला. परंतु स्वस्तात विकल्या जाणाऱ्या संक्षिप्त आवृत्त्यांपैकी पुष्कळांत गोष्टीचा सांगाडा उरतो आणि प्राण गेलेला असतो. 'नंतर तो तेथे गेला, नंतर त्याला खजिना मिळाला', एवढेच कळते. त्याला भीती कशी वाटली, पाऊस कसा पडत होता, तो खोटे का बोलला, हे गाळलेले असते. परीक्षा करावयाची तर पहिले पान मोठ्याने वाचावे. कोणी बोलत असल्यासारखे वाटले तर पुस्तक घ्यावे; परीक्षेसाठी लिहिलेल्या सारांशासारखे वाटले तर ठेवून द्यावे. मूळ ग्रंथ मूल चार वर्षांनी वाचील. सांगाडा पाहून झाल्यावर मात्र ते त्याच्या वाटेला जाणार नाही.

अगदी लहान मुलांच्या बाबतीत प्रश्न वाचनाचा नसून ऐकण्याचा आहे. तीन ते सात वर्षांच्या मुलाला इंग्रजी पुस्तक कानांनी आणि डोळ्यांनी कळते. तेथे तीन गोष्टी पाहाव्यात : पुनरावृत्ती, ताल, आणि चित्र. एरिक कार्ल यांच्या 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर' (१९६९) या पुस्तकात सुरवंट रोज काहीतरी खातो, आणि त्याने खाल्ल्याची भोके प्रत्यक्ष पानांना पडलेली असतात. वार, आकडे आणि फळांची नावे मूल त्या भोकांत बोट घालता घालता शिकते. जूलिया डोनल्डसन यांचे 'द ग्रफलो' (१९९९) यमकांत आहे, आणि त्यातला उंदीर केवळ युक्तीने मोठमोठ्या जनावरांना पळवून लावतो. ज्या घरात भोपळ्यात बसून वाघाला चकवणारी म्हातारी ठाऊक आहे, तेथे हा उंदीर परका वाटत नाही. ओळखीच्या गोष्टीची ही सोयरीक मुलाला दाखवून दिली, तर परभाषेचे निम्मे भय तेथेच मावळते.

प्रसिद्धी हे निवडीचे माप धरणे धोक्याचे आहे. ल्यूइस कॅरल यांचे 'अॅलिस' (१८६५) बालसाहित्यातील शिरोमणी मानले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यातील अर्धी गंमत शब्दांच्या उच्चारसाम्यावर उभी आहे. 'टेल' म्हणजे शेपूट आणि 'टेल' म्हणजे गोष्ट, हे ज्याच्या कानात मुरलेले नाही, त्या आठ वर्षांच्या मुलाला उंदराच्या शेपटीचा विनोद कळायचा कसा? तेच पुस्तक चौदाव्या वर्षी हाती आले, तर तो हसेल. रुडयार्ड किपलिंग यांचेही असेच. त्यांचा जन्म १८६५ साली मुंबईत, कलाशाळेच्या आवारात झाला. 'जंगल बुक' (१८९४) घडते सिवनीच्या डोंगरांत, वैनगंगेच्या परिसरात. तीच नदी पुढे भंडारा, चंद्रपूर जिल्ह्यांतून वाहते. भालू, बघीरा, शेरखान ही नावे मराठी मुलाला ऐकताक्षणीच कळतात, जी इंग्रज मुलाला शिकावी लागतात. परंतु त्यातील प्राण्यांची बोली मुद्दाम जुन्या, गंभीर इंग्रजीत घडवलेली आहे. म्हणून ते पुस्तक प्रथम मोठ्यांनी वाचून दाखवावे, आणि मोगलीची ओळख झाली की मुलाच्या हाती द्यावे.

एनिड ब्लायटन यांच्याविषयी पालकांत आणि शिक्षकांत नेहमीच दोन पक्ष असतात. त्यांच्या 'फेमस फाइव्ह' मालिकेचा पहिला भाग १९४२ साली निघाला आणि एकवीस भाग झाले. त्यांचे लेखन सुमार आहे म्हणून ब्रिटिश नभोवाणीने ते अनेक वर्षे दूर ठेवले होते, हे २००९ साली खुल्या झालेल्या कागदपत्रांवरून दिसले. आक्षेप खोटे नाहीत. तीच साहसे फिरून येतात, माणसे एकरंगी असतात, आणि परका किंवा गरीब दिसणारा मनुष्य बहुधा संशयित ठरतो. तरीही छोटी वाक्ये, प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी राखलेली उत्कंठा, आणि मोठ्यांच्या मदतीवाचून मुलांनीच सगळे पार पाडणे, या गुणांमुळे या पुस्तकांनी भारतातील कित्येक पिढ्यांना इंग्रजीचे पहिले सलग पुस्तक संपवण्याचा आनंद दिला. जिन्याची ती एक पायरी आहे. तिच्यावर मूल काही काळ रेंगाळले तर बिघडत नाही. शेजारी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणेही ठेवावा. फुरसुंगीचा हा मुलगा पुण्यात सायकलीवरून हेरगिरी करीत हिंडतो. साहसे करायला समुद्रातील इंग्रजी बेटच लागते असे नाही, हे मग मुलाला आपोआप उमगते.

ही बाब वाटते त्याहून गंभीर आहे. नायजेरियातील लेखिका चिमामांडा न्गोझी अडिची यांनी २००९ सालच्या एका व्याख्यानात आपले बालपण सांगितले आहे. त्या सातव्या वर्षी गोष्टी लिहू लागल्या, तेव्हा त्यांची पात्रे गोरी आणि निळ्या डोळ्यांची असत, बर्फात खेळत आणि सफरचंदे खात. कारण त्यांनी वाचलेल्या सर्व पुस्तकांत तशीच मुले होती. आपल्यासारखी माणसे पुस्तकात असू शकतात हे त्यांना ठाऊकच नव्हते. मराठी घरातील मुलाने लिहिलेल्या पहिल्या गोष्टीतील नायकाचे नाव पीटर का असते, याचे उत्तर येथे आहे. यावर उपाय इंग्रजीतच उपलब्ध आहे. आर. के. नारायण यांचे 'स्वामी अँड फ्रेंड्स' १९३५ साली निघाले. त्यातील स्वामीनाथन, त्याची आजी, शाळेतली धास्ती आणि क्रिकेटचे वेड बारा वर्षांच्या कोणत्याही भारतीय मुलाला आपले वाटते. १९३४ साली कसौलीस जन्मलेल्या रस्किन बाँड यांच्या 'द ब्लू अंब्रेला' या कथेत गढवालच्या डोंगरातील एका मुलीची निळी छत्री आणि तिचा लोभ सुटलेला म्हातारा दुकानदार आहेत. भाषा निर्मळ आहे आणि लोभाविषयी जे सांगायचे ते उपदेशावाचून सांगितलेले आहे. धनगोपाल मुखर्जी यांच्या कलकत्त्यातील कबुतराच्या कथेला, 'गे-नेक'ला, १९२८ साली अमेरिकेचे न्यूबेरी पदक मिळाले होते. आज ती भारतातही फार थोड्यांना ठाऊक आहे.

स्वस्त आणि चांगल्या भारतीय पुस्तकांचीही वाण नाही. व्यंगचित्रकार शंकर यांनी स्थापिलेला चिल्ड्रेन्स बुक ट्रस्ट आणि नॅशनल बुक ट्रस्ट या दोन्ही संस्था १९५७ सालच्या. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेत एकच पुस्तक अनेक भारतीय भाषांत निघते. चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाने इंग्रजी आणि एक भारतीय भाषा एकाच पानावर असलेली चित्रपुस्तके काढली आहेत, त्यांत मराठीही आहे. २००४ साली स्थापन झालेल्या प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ पासून 'स्टोरीवीव्हर' या नावाने संगणकावर व दूरध्वनीवर मोफत वाचता येणाऱ्या गोष्टी चार पायऱ्यांत लावून ठेवल्या आहेत. पुष्कळ गोष्टी मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही आहेत. ज्या मुलाने मराठीत गोष्ट आधी वाचली आहे, त्याला तीच इंग्रजीत वाचताना अर्थासाठी झगडावे लागत नाही, आणि सारे लक्ष भाषेकडे देता येते.

कोणती गोष्ट इंग्रजीतून देऊ नये, याचाही विचार व्हावा. पंचतंत्र, रामायण-महाभारतातील आख्याने, किंवा 'श्यामची आई' मराठी मुलाने प्रथम इंग्रजीत वाचावी यात काय मिळवले? तीच गोष्ट जपानी 'तोत्तोचान'ची. ते पुस्तक मराठीत आहे. दोन्ही भाषांतरेच असतील, तर जवळच्या भाषेतले आधी वाचावे. इंग्रजीतून तेच घ्यावे जे इंग्रजीतच जन्मले आहे, किंवा जे मराठीत पोचलेले नाही.

जुन्या पुस्तकांत त्या काळचे पूर्वग्रहही असतात. रोआल्ड डाल यांच्या 'चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी' (१९६४) मधील कारखान्याचे मजूर प्रथम आफ्रिकेतून आणलेले ठेंगू लोक म्हणून रंगवले होते. आक्षेप आल्यावर १९७३ च्या आवृत्तीत ते बदलले गेले. २०२३ साली प्रकाशकाने डाल यांच्या पुस्तकांतील आणखी शब्द बदलले, तेव्हा मोठा वाद झाला आणि मूळ पाठही चालू ठेवण्याचे प्रकाशकाला जाहीर करावे लागले. पालकाने आवृत्ती पाहून घ्यावी. परंतु मुलाजवळ बसून 'असे लिहिणे त्या काळी लोकांना योग्य का वाटले असेल?' एवढे विचारणे हे कोणत्याही काटछाटीपेक्षा अधिक उपयोगी पडते.

पुस्तक अखेर कोणी निवडावे? दहा पुस्तके जाणत्याने पुढे ठेवावीत आणि त्यांतील एक मुलाने उचलावे, हा मध्यममार्ग सर्वांत चांगला. त्यासाठी ग्रंथालयासारखी जागा नाही. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १९१० साली बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून ग्रंथालयांची जी व्यवस्था उभारली, तीत मुलांसाठी वेगळा विभाग होता; मुलांना आपल्या हाताने पुस्तक काढता आले पाहिजे, हा विचार तेव्हापासून आपल्याकडे रुजला आहे. आणलेले पुस्तक न आवडल्यास अर्धवट सोडून परत करण्याची मुभा मुलाला असावी. विकत घेतलेले पुस्तक अर्धवट सोडले की घरात बोलणी बसतात. ग्रंथालयातले सोडले तर काही बिघडत नाही.

राहता राहिला प्रश्न त्या आईचा आणि त्या आजोबांचा, ज्यांना स्वतःला इंग्रजी फारसे येत नाही. मूल शाळेत इंग्रजी शिकू लागले की त्यांना वाटते, आता आपले काम संपले. काम खरे म्हणजे तेथून सुरू होते. मुलाने वाचलेली इंग्रजी गोष्ट रात्री जेवताना मराठीत सांगावी, आणि आईने ती मन लावून ऐकावी. 'मग त्या कोळिणीचे काय झाले?' असे आईने विचारले, की मुलाला गोष्ट पुन्हा मनात जुळवावी लागते. कोठे कळले नव्हते ते सांगताना अडते, आणि ते पान पुन्हा पाहावे लागते. इंग्रजीतील गोष्टीला मराठी शब्द शोधताना दोन्ही भाषा पक्क्या होतात. यासाठी आईला इंग्रजीचे एक अक्षर येण्याची गरज नाही. तिला पुढे काय झाले हे जाणून घेण्याची इच्छा हवी.

दुकानातील पालकाचा प्रश्न म्हणून थोडा बदलावा लागेल. या पुस्तकाने इंग्रजी सुधारेल ना, असे विक्रेत्याला विचारण्याऐवजी त्याने पहिले पान मुलाला वाचू द्यावे आणि मुलालाच विचारावे : "पुढे काय होईल असे तुला वाटते?" मुलाने उत्तर द्यायच्या आधीच पान उलटले, तर ते पुस्तक खुशाल घरी न्यावे.